पांढऱ्याचे काळे

फेरीवाला सकाळी भरलेली पाटी घेऊन निघतो आणि रिकामी घेऊन परततो. केसवालीचं सगळंच उलटं. ती निघायची तेव्हा खांद्यावरच्या दोन्ही पिशव्यांची पोटं खपाटीला गेलेली असायची, आणि दुपार कलल्यावर परतायची तेव्हा दोन्ही टम्म फुगलेल्या. वजन मात्र नावाला. वाटेत कुणी विचारलंच, एवढं काय भरलंय, तर ती म्हणायची, "काही नाही, वरच्या गल्लीतल्या सगळ्या डोक्यांवरचं थोडं थोडं."

ती गुंतवळ घ्यायची. विंचरताना फणीत अडकून येतात ते केस बायका बोटाभोवती गुंडाळतात आणि कुठेतरी खुपसून ठेवतात. कुणी खिडकीच्या फटीत, कुणी डब्यात, कुणी नवऱ्याच्या फाटक्या मोज्यात. महिन्यातून एकदा गल्लीत हाक यायची, "केस घेते, गुंतवळ घेते," आणि त्या फटी, डबे, मोजे रिकामे व्हायचे. बदल्यात तिच्याकडे गाळण्या, चमचे, फण्या, केसांचे आकडे असायचे. फार घासाघीस करणाऱ्या बाईला ती सुनवायची, "फणीतल्या कचऱ्याचा भाव करताय, उद्या शिंकेचाही कराल."

धंदा तिला सासूनं शिकवला. सासू खमकी होती, शिकवताना हातावर फटके द्यायची. केस कापलेला की गळलेला, ते आधी बघायचं. गळलेल्या केसाच्या मुळाशी बारीक पांढरी गाठ असते, मोहरीच्या दहाव्या हिश्शाएवढी. कापलेल्याला ती नसते. मग सगळी मुळं एकीकडे आणि टोकं एकीकडे करून जुड्या बांधायच्या, कारण उलटसुलट केस टकलावर घालायच्या एका टोपात गेले तर ते आपसात भांडतात आणि टोपाची जटा होते. पस्तीस वर्षं हेच करून केसवालीची बोटं अशी तयार झाली होती की डोळे मिटून तिनं सांगावं, हे अमकीचं आणि हे तमकीचं. कोण बाळंत झाली, कुणाला ताप येऊन गेला, कुणी काळजीनं खंगतेय, हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं. बेकरीवालीच्या काळ्याभोर केसांना मुळाशी पाव बोट पांढरं असतं हे नवऱ्याला ठाऊक नव्हतं, केसवालीला ठाऊक होतं. "माणूस खोटं बोलतं," ती सुनेला सांगायची, "केस बोलत नाही. केसानं गळा कापतात म्हणतात ना, तोही माणसंच कापतात." सून शेजारी बसून जुड्या बांधायची आणि हूं म्हणायची. सुनेला सासूचं बोलणं पाठ होतं.

आता बाईंचं सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडकतं.

एका लांबलचक गल्लीच्या टोकाला तीन मजली घर होतं. तळाला शिंप्याचं दुकान, पण त्याचं तोंड पलीकडच्या रस्त्याला. दुकानाच्या वरच्या मजल्यावर बाई राहायच्या, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. घरात त्या आणि त्यांचे मिस्टर. मिस्टर नकाशे काढायच्या कचेरीत होते आणि नकाशासारखेच, म्हणजे सगळं दाखवायचे पण बोलायचे नाहीत. मूलबाळ नव्हतं. बाईंच्या खिडकीतून दोरीला बांधलेली एक टोपली खाली यायची. केसवालीसाठी तिच्यातून गार पाण्याची बाटली यायची, कधी जुना चष्मा, कधी वाचून झालेलं मासिक, त्यातली चित्रं बघ म्हणून. अठरा वर्षं ही टोपली खालीवर होत होती. बाई वरून बोलायच्या, केसवाली खालून, आणि दोघींच्या गप्पा गल्लीला फुकट ऐकायला मिळायच्या.

एवढ्या अठरा वर्षांत बाईंनी तिला एक केस दिला नव्हता. "मी माझं कुणाला देत नाही," त्या म्हणायच्या. चाळीस वर्षांचं गुंतवळ त्यांनी साठवलंय हे केसवालीला माहीत होतं, कुठे ते माहीत नव्हतं.

"करणार काय त्याचं?"

"काही नाही. ठेवणार." मग बाई शाळेतली गोष्ट सांगायच्या. दारोदार ओरडत माल खपवण्याला इंग्रजीत एक शब्द आहे. त्याचा उलट शब्द लिहा, असं त्या परीक्षेत विचारायच्या. सगळ्या मुली लिहायच्या, विकत घेणं. बाई अर्धाच गुण द्यायच्या.

"का बरं? बरोबर तर आहे," केसवाली म्हणाली होती.

"अगं, घेणाऱ्याशिवाय विकणारा उभा तरी राहील का? तुम्ही दोघं एकाच बाजूचे. उलट म्हणजे जपणं. दार लावून आत ठेवणं. एका पोरीनं एकदा तसं लिहिलं होतं, तिला मी पूर्ण गुण दिले."

केसवालीला यातलं अर्धं पटलं नाही, पण शिकलेल्या बाईशी वाद घालणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, म्हणून ती पाणी पिऊन पुढे गेली.

बाईंच्या केसाला मात्र तिनं एकदा हात लावला होता. एका उन्हाच्या दुपारी बाई स्वतः जिना उतरून खाली आल्या. अंबाड्याची जाळी केसांत अशी गुंतली होती की घरात कात्रीशिवाय उपाय नव्हता. केसवालीनं त्यांना पायरीवर बसवलं आणि तासभर बसून ती गुंत सोडवली, एकही केस न तोडता. तेव्हा बोटांना कळलं, बाईंच्या केसाला दर दोन पेरांवर एक बारीकशी मुरड आहे. अशी मुरड तिनं दुसऱ्या कुठल्या डोक्यावर पाहिली नव्हती. उठताना बाईंनी केसवालीच्या मांडीवरचे दोन गळालेले केस उचलले आणि मुठीत घेतले. "हे माझे," म्हणाल्या. दोघी खूप हसल्या.

अशी मैत्रीण, आणि तिलाच केसवाली एके दिवशी नको ते बोलून गेली. त्या दिवशी पिशव्या भरेनात, पाय दुखत होते, घरी नातवंडाला बरं नव्हतं. वरून बाईंनी नेहमीसारखी थट्टा केली, "काय गं, आज सगळे टकलेच भेटले वाटतं?" आणि केसवालीच्या तोंडून निघालं, "मग तुम्ही द्या ना. चाळीस वर्षांचं कोंबून ठेवलंय. वर जाताना बरोबर न्या सगळं."

बाईंनी दोरी वर ओढून घेतली. मग खिडकी हळूच लागली. आपटली असती तर बरं झालं असतं, असं केसवालीला तेव्हाही वाटलं. पुढच्या महिन्यात माफी मागू, असं ठरवून ती घरी आली. पुढच्या आठवड्यात जिन्यावरून पडली, पाय मोडला आणि तीन महिने प्लास्टरमध्ये गेले. त्या तीन महिन्यांत तिला पायाहून जास्त ते वाक्य ठसठसत होतं. तिच्या धंद्यात गळालेलंसुद्धा गोळा करता येतं, पण गळालेला शब्द कुठल्या फणीत येत नाही.

प्लास्टर निघाल्यावर ती सगळ्यांत आधी त्या गल्लीत गेली. खिडकीखाली उभी राहिली आणि हाक न देता नुसतं विचारलं, "बाई, आहात का?"

बराच वेळ काही नाही. मग खिडकी उघडली आणि मिस्टरांचं तोंड दिसलं. दाढी वाढलेली. ते तिच्याकडे असे बघत राहिले की जणू तिनं काही अवघड विचारलंय.

"आहे," ते शेवटी म्हणाले. "आत आहे. बरं नाही तिला."

"काय झालं? मी वर येऊ का?"

"नको. झोपली आहे. थांबा." ते आत गेले. टोपली खाली आली. तिच्यात पाणी नव्हतं, एक कागदी पुडी होती. पुडीत पांढऱ्या केसांचं गुंतवळ.

जिनं अठरा वर्षांत एक केस दिला नाही ती आजारी पडल्यावर देते, याचा अर्थ तिनं सरळ लावला. आपल्या बोलण्याचा बाईंना राग आला आणि त्या म्हणताहेत, घे बाई, घे एकदाची. तिनं वर बघून सांगायचा प्रयत्न केला, "बाईंना म्हणावं, मागे मी जे बोलले..." पण खिडकी लागली होती.

घरी तिनं पुडी उजेडात उघडली. डांबरगोळ्यांचा वास आला, आजाऱ्याच्या खोलीत कपाटं बंद असतात तसा. केस विरळ, राठ, शेणकुटासारखे कोरडे. पण बोट फिरवल्यावर दर दोन पेरांवर ती मुरड. बाईंचेच. मुळाशी गाठ होती, म्हणजे गळलेले. "फार खंगल्यात गं," ती सुनेला म्हणाली. हे केस ठेवून घ्यावेत असं तिच्या मनात आलं, पण मग वाटलं, दिलेत तर व्यवहार तो व्यवहार, आणि ठेवून घेणं म्हणजे अशुभ चिंतणं. तिनं ते पांढऱ्यांच्या गोणीत टाकले. बदल्यात पुढच्या खेपेला तिनं टोपलीत एक फणी ठेवली, रुंद दातांची, दुखऱ्या डोक्याला ओढ न लागणारी.

"आवडली तिला," वरून मिस्टर म्हणाले. आणि दुसरी पुडी खाली आली.

दुसऱ्या पुडीत पांढऱ्यांत थोडे करडे होते. तिसरीत करडे जास्त. केसवालीला बरं वाटू लागलं. औषध लागू पडलंय, अंगात रक्त भरतंय, असं तिनं धरलं. अशी उदाहरणं तिनं पाहिली होती, मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला नवे केस काळे येतात. दर महिन्याला ती विचारायची, एकदा खिडकीत येऊ द्या ना त्यांना, आणि दर महिन्याला मिस्टर म्हणायचे, झोपली आहे, पडली आहे, आत्ताच डोळा लागला. तिला वाईट वाटायचं, पण ती समजूत काढायची. बाई रुसल्यात. बऱ्या होताहेत, पण रुसल्यात. बऱ्या झाल्या की बोलतील. माणूस खोटं बोलतं, केस बोलत नाही, आणि केस तर महिन्यागणिक सुधारत होते.

सहाव्या महिन्यात पुडीत पांढरा केस शोधावा लागला. आठव्यात एकही नव्हता. डांबरगोळ्यांचा वास तेवढा होता.

त्या दिवशी दुपारी ती आणि सून ओसरीवर कापड पसरून बसल्या होत्या. केसवालीनं एक केस टोकाला धरून उचलला. तो संपेना. हात खांद्याच्या वर गेला, तेव्हा तो कापडावरून सुटला. खांद्यापासून कमरेपर्यंतचा केस. बाईंचे केस तर खांद्याच्या जरा खाली यायचे, तिनं स्वतः हातात घेतले होते. आणि केस महिन्याला अर्धं पेर वाढतो. हे तिला सासूनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

"आई," सून म्हणाली, "हे त्या बाईंचे नाहीत. तरण्या बाईचे आहेत."

"मुरड बघ."

सुनेनं केस चिमटीत धरून ओढून पाहिला. दर दोन पेरांवर तीच मुरड होती. तिनं केस कापडावर ठेवला आणि हात पदराला पुसले, दोनदा. "सगळ्यांचे काळ्याचे पांढरे होतात," ती म्हणाली, "त्यांचे पांढऱ्याचे काळे होताहेत. मला नका सांगू याची जुडी बांधायला."

केसवालीनं ती जुडी स्वतः बांधली. बांधताना तिच्या लक्षात आलं की ती श्वास रोखून बसली आहे. जरा जोरात श्वास सोडला तर कुणाला तरी कळेल, असं तिला वाटत होतं. दुपारचं लख्ख ऊन अंगणात होतं, शेजारी कुणाचा तरी रेडिओ चालू होता, आणि तिच्या मानेवर काटा उभा होता.

यानंतर कुणी शहाणं माणूस त्या गल्लीला गेलं नसतं. ती गेली, कारण माफी राहिली होती. ते वाक्य घशात अडकलेल्या केसासारखं तिला गिळता येत नव्हतं आणि काढता येत नव्हतं. दहाव्या महिन्याचे केस तुकतुकीत होते. बाराव्याचे मऊ आणि दाट, पंचविशीतल्या बाईचे. खिडकीखाली उभं राहून ती वरच्या खोलीचा विचार करायची. त्या खोलीत पलंगावर कोण आहे? आजारी म्हातारी, की दर महिन्याला दोन-तीन वर्षांनी लहान होत चाललेली कुणी? आणि अशीच लहान होत गेली तर शेवटी त्या पलंगावर काय उरेल? हा प्रश्न मनात आला तेव्हा तिनं पिशव्या उचलल्या आणि त्या दिवशी पुढची चार घरं हाक न देताच ओलांडली.

पंधराव्या महिन्यात ती वळसा घालून शिंप्याच्या दुकानात शिरली.

"वरच्या बाई कशा आहेत?" तिनं उगीच सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बाई? बाई कुठं आहेत इथं," शिंपी सुईत दोरा ओवत म्हणाला. "दीड वर्ष झालं, बहिणीच्या गावी गेल्यात. मिस्टरच म्हणाले."

"मग वर कोण असतं?"

"ते एकटेच की." दोरा ओवला गेला. शिंप्यानं गाठ मारली, मग जरा घुटमळला. "दुपारी बोलत असतात. मला वरून ऐकू येतं. आवाज त्यांचा एकट्याचाच. पण मध्ये मध्ये थांबतात. समोरच्याला बोलू द्यावं ना, तसं. मग पुन्हा बोलतात. मी आता लक्ष देत नाही. मशीन चालू केलं की ऐकू येत नाही."

केसवाली दुकानातून निघाली आणि सवयीनं खिडकीखाली येऊन उभी राहिली. मिस्टर म्हणतात आत आहे. शिंपी म्हणतो कुणी नाही. हातातल्या पिशवीतले केस म्हणतात एक तरुण पोरगी आहे. तिघांपैकी दोघं खोटे होते, आणि पस्तीस वर्षांत केस कधी खोटा ठरला नव्हता.

तिनं हाक मारली. टोपली आली. या वेळची पुडी लहान होती, आणि तिच्यात गुंतवळाबरोबर एक आकडा होता. केसात खोवायचा, काळा, टोकाला चपटा मणी असलेला. केसवालीनं तो हातावर घेतला. आकडे ती स्वतः द्यायची, आकड्यातलं तिला कुणी शिकवू नये. असा मण्याचा आकडा तिनं सासूच्या पेटीत पाहिला होता, लग्न होऊन आली तेव्हा. त्यानंतर बाजारात तो कधी आला नाही.

तिनं पिशव्या खाली ठेवल्या नाहीत, तशीच जिना चढली. पाय दुखत होता. दार लोटलेलं होतं. तिनं ते ढकललं.

मिस्टर खिडकीपाशीच उभे होते, दोरी हातात. तिला बघून ते दचकले नाहीत. खोली स्वच्छ होती. पलंगावरची चादर ताठ, दोन उशा, एकीला खळगा नव्हता. टेबलावर दोन कप होते. एका कपाशेजारी तिनं दिलेली रुंद दातांची फणी ठेवलेली होती, उभी रेष आखावी तशी सरळ.

केसवालीनं आधी फणीच उचलली. तिच्या धंद्यातलं कुणीही तेच करतं. तिनं ती उजेडात धरली आणि दातांमधून नजर फिरवली. वर्षाहून जास्त वापरलेली फणी, आणि तिच्यात एकही केस नव्हता, तेलाचा ओघळही नव्हता. ती कुठल्याच डोक्यातून फिरलेली नव्हती. तेव्हा तिला कळलं, आणि तिनं फणी जिथली तिथं ठेवली.

"कधी?" तिनं विचारलं.

"तुमचा पाय मोडला होता तेव्हा," मिस्टर म्हणाले. "बहिणीकडे गेली होती चार दिवसांसाठी. तिथंच गेली. झोपेत. सगळं तिथंच उरकलं. मी परत आलो तर शिंप्यानं विचारलं, बाई कुठं? म्हटलं, बहिणीकडे. ते खोटं नव्हतं."

"आणि मला आत आहे म्हणालात."

"तुम्ही विचारलंत, आहात का. दोन महिने कुणी तसं विचारलं नव्हतं. कुठं आहे विचारत होते, कधी येणार विचारत होते. तुम्ही विचारलंत, आहात का." ते दोरीला पीळ देत होते. "मी म्हटलं, आहे. म्हटलं आणि मागं वळून पाहिलं. मला वाटलं, असेलही."

"पण केस का दिलेत?"

"तुम्ही पुन्हा यावं म्हणून," ते म्हणाले. "तुम्हाला लागेल असं माझ्याकडे दुसरं काय होतं?"

दारामागच्या खिळ्याला एक खोळ लटकत होती. लोडाची असते तशी, पण माणसाच्या उंचीची, तोंडाशी नाडी. बाई लग्न होऊन या घरात आल्या त्या दिवसापासून रोजचं गुंतवळ तिच्यात टाकत होत्या, मध्ये मध्ये डांबरगोळी. तळाला विशीतले केस, त्यावर तिशीतले, चाळिशीतले, आणि अगदी वर शेवटच्या महिन्यांतले पांढरे. मिस्टरांनी दर महिन्याला तोंडातून हात घालून एक मूठ काढली होती. आता खोळ भिंतीला चपटी चिकटली होती.

केसवालीनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं नाही इतकंच. केस कुजत नाही, सडत नाही, माणूस गेल्यावरही तसाच राहतो. हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तिचे स्वतःचे केस काही उन्हानं पांढरे झाले नव्हते. जुना केस बोटाला कळतो, आणि तिच्या बोटांना पहिल्याच पुडीला कळला असणार. तिनं बोटांचं ऐकलं नव्हतं, कारण तिला बाई बऱ्या व्हायला हव्या होत्या.

"त्यांनी कुणाला एक केस दिला नाही हो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "माझ्या मांडीवरचे दोनसुद्धा उचलून नेले. आणि तुम्ही अख्ख्या बाई पुड्या बांधून खाली सोडल्यात. आणि मी, मी रांड, एक एक करून विकून आले. आता त्या कुठं आहेत ठाऊक आहे का तुम्हाला? कुणाकुणाच्या डोक्यावर आहेत. त्यांनी कधी पाहिली नसतील अशा गावांत."

मिस्टरांनी हातातली दोरी गुंडाळून ठेवली. मग हळूच म्हणाले, "संपलं सगळं. आजची शेवटची. तो आकडा तळाशी होता." आणि खोळीकडे बघून, "पुढच्या महिन्यात तुम्हाला यायचं काही कारण नाही आता."

ती पुडी तिनं टेबलावर ठेवली. मग उचलली, मग पुन्हा ठेवली. नेली तर बाईंचं उरलंसुरलं नेलं, ठेवली तर या माणसाच्या हातात एवढीच मूठ राहणार, हेही तिला दिसत होतं. शेवटी तिनं पुडी स्वतःच्या हातानं खोळीत टाकली आणि नाडी ओढली. जिना उतरताना तिला रडू आलं नाही. ते घरी आलं, सून समोर बसल्यावर, आणि आलं ते थांबेना.

"पुन्हा नका जाऊ तिकडे," सून म्हणाली.

"नाही जात," ती म्हणाली.

महिनाभर तिचा तसाच बेत होता. महिना भरला त्या दिवशी ती खालच्या गल्ल्या करत राहिली, मग मधल्या, आणि दुपारी तिच्या लक्षात आलं की आता त्याच गल्लीचं टोक राहिलंय. पिशव्या भरल्या होत्या. घरी जायला हरकत नव्हती. ती गेली आणि खिडकीखाली उभी राहिली. वर बघायला तिला धीर होईना, म्हणून तिनं पायरीकडे बघत विचारलं, नेहमीच्याच आवाजात.

"बाई, आहात का?"

खिडकी लगेच उघडली, कुणी मागे उभंच असावं तशी.

"आहे," मिस्टर म्हणाले. त्यांची दाढी केलेली होती. "आत आहे. पण आज द्यायला काही नाही."

"असू दे. मी घ्यायला नाही आले." तिनं पिशव्यांचे पट्टे घट्ट धरले. "त्यांना सांगा, मागे मी वर जाण्याचं जे बोलले ते चुकलं माझं. रागाच्या भरात बोलले. मनात तसं काही नव्हतं."

मिस्टरांनी मान हलवली आणि खोलीकडे तोंड वळवलं. ते काहीतरी बोलले, खालून शब्द कळले नाहीत. मग ते थांबले. बराच वेळ थांबले. गल्लीत कुणी नव्हतं, शिंप्याचं मशीनही बंद होतं. खाली केसवाली मान वर करून उभी होती आणि तीही ऐकत होती.

"असू दे म्हणते," मिस्टर वळून म्हणाले.

"बरं," केसवाली म्हणाली. "पुढच्या महिन्यात येते मग."